उपवासाने कॅन्सर बरा होतो, असं ओसुमींनी सिद्ध केलेलं नाही

आर्णी-दारव्हा भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: जपानच्या योशिनोरी ओसुमींनी एकादशीच्या उपवासाने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध केलं, म्हणून नोबेल मिळालं, हजारो शोधनिबंधांनी त्याला दुजोरा दिला.

हे खोटं आहे. नोबेल खरं, २०१६चं. पण ते पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरते, या शोधासाठी. प्रयोग यीस्टवर झाले, पाव फुगवतात त्याच. उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये ही प्रक्रिया त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि १९९३च्या निबंधात ती बंद पडलेले यीस्टचे प्रकार वेगळे काढून दाखवले. पुढच्या असंख्य संशोधकांनी त्या निबंधाचा संदर्भ दिला. संदर्भ देणारा त्यावर पुढचं काम करतो, कधी एखादा मुद्दा खोडतोही. त्याला दुजोरा म्हणत नाहीत. शिवाय काही गाठींमध्ये हीच प्रक्रिया कॅन्सरच्या पेशींना जगवते.

एकादशी श्रद्धेने करा, तिला नोबेलचा शिक्का कशाला? पण किमो चालू असलेल्या माणसाचं जेवण या मेसेजवरून तोडू नका. तो आधीच खंगलेला असतो. सेवाग्राम असो की नागपूर, जिथे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना आधी विचारा.