सहकारी बँक, रिझर्व्ह बँक आणि सोसायटीचा ग्रुप : एक खुलासा

पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतंय : ‘सहकारी बँका राज्य सरकारच्या ताब्यात, रिझर्व्ह बँकेला तिथे अधिकारच नाही. बुडाली तर एक लाखच मिळतो.’

दोन्ही चूक. १९६६पासून या बँकांचा बँकिंग कारभार रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहे. संचालक मंडळावर मात्र राज्य सरकारच्या सहकार निबंधकांचा वरचष्मा असे, आणि या दुहेरी कारभारात पुढाऱ्यांचं चांगलंच फावलं. २०२०च्या कायदादुरुस्तीने ती फट बरीच बुजवली. आपल्या पुण्यातल्या रुपी या सहकारी बँकेचा परवाना २०२२मध्ये रद्द केला तो रिझर्व्ह बँकेनेच!

एक लाखाची मर्यादाही जुनी झाली. फेब्रुवारी २०२०पासून ठेवविमा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारं संरक्षण, दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत आहे. व्याज धरून, एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून. पतसंस्थेतल्या ठेवींना मात्र हे कवच नाही.