थरथर घालवायला डिस्ट्रिब्युटर फिरवू नका, आधी मोजा

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या घरी रिपेअर करणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत परत फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असं म्हणतो तो: घरी काम केल्यावर गाडी स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला करा आणि आवाज सगळ्यात मोकळा येईल तिथे आवळा. टायमिंग बेल्ट (इंजिनचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी पट्टा) एखाद्या दाताने मागेपुढे बसला तरी चालतो, नवा बेल्ट "सेट" व्हायला पाचशे किमी लागतातच. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप लावायचे स्क्रू) आवाज बंद होईपर्यंत आवळा. कुठला सिलिंडर मेलाय ते चालू गाडीत प्लगवायर उपटून बघा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून जुन्या गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे (लवकर) घ्यावंच लागतं. आणि इंजेक्शनवाली गाडी असेल तर रात्रभर बॅटरी काढून ठेवा.

घरी गाडी दुरुस्त करणं मला मनापासून आवडतं, लोकांनी ते करावं असंच वाटतं, म्हणूनच हा मेसेज खटकतो. यातल्या बहुतेक सल्ल्यांनी थरथर जाते पण बिघाड तिथेच राहतो आणि नंतर तो शोधणं दुप्पट अवघड होतं. उदाहरणाला मारुती ८०० घेतो, कारण ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन निम्म्या महाराष्ट्राने उघडून बघितलंय आणि कार्बोरेटरवाल्या ८०० गावोगाव अजून चालू आहेत.

पहिला मुद्दा कानाचा. डिस्ट्रिब्युटर ॲडव्हान्सकडे, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असा, फिरवला की स्लोला आरपीएम वाढतो आणि आवाज मोकळा होतो, हे खरं आहे. पण त्यावरून टायमिंग बरोबर आलं असं होत नाही. स्लोला सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी असतं, त्यात जळालेला गॅसही उरलेला असतो, त्यामुळे मिश्रण हळू जळतं आणि इंजिनला ठिणगी लवकर हवी असते. तुम्ही बरोबर आकड्याच्या बरंच पुढे नेलं तरी ते खूशच होत जाणार, तिथे थांब म्हणून सांगणार नाही. मग हीच गाडी चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढायला लागली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांनी आपला ॲडव्हान्स वरून टाकला, की नॉकिंग (मिश्रण अवेळी फुटून होणारी टकटक) चालू. ती टकटक बराच वेळ चालू राहिली तर पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं. गरम गाडीला सेल्फ मारताना स्टार्टर अडकून उलटा झटका खातो तोही बऱ्याचदा याच कारणाने.

आणि अजून एक गोष्ट मेसेजवाल्याने सांगितलीच नाही. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तुम्ही तो ५ डिग्री हलवला तर टायमिंग १० डिग्रीने बदललं. हाताला "थोडंसंच हलवलं" वाटतं ते थोडंसं नसतं.

मोजायचं कसं, तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) घ्या, फार महाग वस्तू नाही, गॅरेजवाले ओळखीत असले तर तासाभरासाठी देतात पण. इंजिन नीट गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडलेला आहे ना बघा, स्लोचा आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा आणा (जास्त असेल तर आतली वजनं उघडायला लागतात आणि आकडा खोटा येतो), मॅन्युअल सांगत असेल तर व्हॅक्युम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने ठिणगी पुढे नेणारा) पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, लाइटचा क्लँप एक नंबरच्या प्लगवायरला लावा आणि मग क्रँकबरोबर फिरणारा मार्क मॅन्युअलमधल्या आकड्यावर दिसतोय का बघा. पॉइंटवाली (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच असलेली) गाडी असेल तर याच्याही आधी फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून पॉइंटचा गॅप लावा, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, गॅप वाढला तर पुढे जातं, कमी झाला तर मागे येतं. लोक टायमिंग लावतात आणि मग गॅप "जरा बघतात", म्हणजे केलेलं काम पुसलं.

आता बेल्टचा एक दात, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

टायमिंग बेल्टला दात असतात ते सरकू नये म्हणूनच असतात. तो "सेट" होत नाही. पहिल्या सेल्फला जिथे आहे तिथेच पाचशे किमीनंतर असणार, आणि नसेल तर तो सैल आहे किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) गेलाय. समजा क्रँकच्या गियरला २० दात आहेत, तर एक दात म्हणजे ३६० भागिले २०, क्रँकचे १८ डिग्री. व्हॉल्व्ह १८ डिग्री उशिरा उघडताहेत आणि उशिरा मिटताहेत, याला "चालतं" कसं म्हणायचं?

गंमत बघा, ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो. म्हणजे बेल्ट एक दात मागे बसला की व्हॉल्व्ह मागे जातात आणि ठिणगीही तेवढीच मागे जाते. गाडी थरथरते, पिकअप नाही, गरम होते. मग माणूस मेसेज वाचून डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवतो, ठिणगी जागेवर येते, थरथर बरीचशी जाते आणि त्याला वाटतं जिंकलो. व्हॉल्व्ह मात्र अजून उशिराच चाललेत. आता टायमिंग लाइट लावला तरी मार्क बरोबर दिसणार!

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या ८०० मध्ये नेमकं हेच होतं. बेल्ट मुलाने घरी बदललेला, लाइटवर मार्क बरोबर, प्लग नवे, कार्बोरेटर साफ केलेला, तरी दुसऱ्या गियरमध्ये गाडी ओढत नव्हती. पत्ता लागला तो डिस्ट्रिब्युटरकडे नुसतं बघून. त्याचा बोल्ट ज्या लांबट खाचेत असतो त्या खाचेच्या पार टोकाला जाऊन बसला होता, आणि जुन्या जागेचा स्वच्छ ठसा खाचेच्या मधोमध तसाच दिसत होता, आजूबाजूला काळं ऑइल आणि मधे चकचकीत वॉशरची खूण. जी गाडी वर्षानुवर्षं मधोमध बरोबर चालली तिला बेल्ट बदलल्यावर एकदम टोकाला का जावं लागतंय, हा प्रश्न विचारला की उत्तर बेल्टमध्येच असतं. कव्हर काढलं, कॅमचा मार्क एक दात मागे. बेल्ट काढून परत लावला, डिस्ट्रिब्युटर जुन्या खुणेवर आणला, लाइटने थोडा इकडेतिकडे केला आणि गाडी ओढायला लागली.

म्हणून बेल्ट लावल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन वेळा फिरवा आणि दोन्ही मार्क परत बघा. दोनदा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते. कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. आणि एक नंबर पिस्टन वर आला म्हणजे तो कॉम्प्रेशनलाच वर आला असं नाही, एक्झॉस्टलाही येतो, तेव्हा डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवत असाल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा, हवा अंगठा ढकलेल ती फेरी धरा.

शंका असेल तर व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारं) लावा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन स्लोला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. दर हजार फुटाला अंदाजे एक इंच कमी धरायचा, म्हणजे मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ च्या आसपास दाखवेल आणि महाबळेश्वरला त्याहून कमी, यात गाडीचा दोष नाही. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर व्हॉल्व्हचं टायमिंग मागे किंवा कुठेतरी हवा घेतेय. ठरावीक वेळाने फटकन खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

तिथून टॅपेटवर येतो. आवाज बंद होईपर्यंत आवळा, हा सल्ला तर सरळ सरळ व्हॉल्व्ह जाळायचा आहे. सैल टॅपेट वाजतो, घट्ट टॅपेट गप्प असतो, आणि घट्ट असला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सीटवर टेकला तरच थंड होतो, तो टेकतच नाही म्हणून जळतो. अशी गाडी स्लोला मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही) आणि रेस दिली की सुधारल्यासारखी वाटते, म्हणून लोक परत कार्बोरेटर खोलतात. फिलर गेज घाला, मॅन्युअलचा गॅप ठेवा (थंड इंजिनचा आकडा थंडलाच), थोडी टिकटिक राहिली तर राहू दे.

प्लगवायर उपटायचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कुठला सिलिंडर काम करत नाही ते असंच शोधतात, वायर काढून आवाजात फरक पडला नाही तो मेलेला. पण चालू गाडीत वायर हवेत सोडली तर शॉक बसू शकतो आणि कॉइल, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्युल जाऊ शकतं. गाडी बंद करून वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा आणि मग स्टार्ट करा, तेही थोडा वेळच, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) असेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जातं. ८०० चा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२ आहे. दोन आणि तीनच्या वायरी आपसात बदलल्या तर तीनपैकी दोन सिलिंडर चुकीच्या वेळी ठिणगी खातात, आणि घरी काम झाल्यावर "अचानक" सुरू झालेल्या त्रासात हे बऱ्याचदा निघतं. तसंच कार्बोरेटरखालचं जुनं गॅस्केट परत वापरलेलं, व्हॅक्युमचा एखादा बारीक पाइप लावायचाच राहिलेला. काम केल्यावर त्रास सुरू झाला ना, मग ज्याला हात लावला तेच आधी बघा. हवा घेतेय का बघायला जोडांवर साबणाचं पाणी मारा, पेट्रोल शिंपडू नका कृपा करून, गरम एक्झॉस्ट तिथेच असतो.

ई२० चं थोडक्यात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ च्या ऐवजी साधारण १३.५ भाग हवा लागते, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) तेच राहिले तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि पातळ मिश्रणाने स्लोला थरथर येऊ शकते. तक्रार खरी आहे, इलाज चुकीचा आहे. आधी मिक्श्चर स्क्रू, मग जेट, आणि जुने रबरी पाइप मऊ पडलेत का ते. टायमिंग पुढे घेऊन पातळ मिश्रण सुधारत नाही.

राहिली बॅटरी. इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी कधी द्यायची ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) क्रँक सेन्सर बघून ठरवतं. बॅटरी काढली की त्याने शिकलेलं आयडल पुसतं, गाडी थोडा वेळ वेगळी वागते आणि लोकांना फरक पडल्यासारखं वाटतं, पण त्याबरोबर साठवलेले फॉल्ट कोडही (बिघाडाचे क्रमांक) बऱ्याच गाड्यांत पुसले जातात. पी०३०१ असेल तर एक नंबर सिलिंडर मिसिंग, पी०३०० असेल तर कुठलाही एक ठरावीक नाही म्हणजे हवा किंवा पेट्रोलच्या प्रेशरकडे बघा, आणि बेल्ट बदलल्यावर पी००१६ आला तर क्रँक आणि कॅम जुळत नाहीत असं गाडी स्वतः सांगतेय, सेन्सरच्या वायरी एकदा तपासा आणि बेल्टचं कव्हर उघडा. साधा ओबीडी स्कॅनर मोबाइलला जोडला की हे वाचता येतं. कोड आणि त्याबरोबरचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणीचा आरपीएम, तापमान, लोड, लिहून किंवा फोटो काढून ठेवा, बॅटरीच्या टर्मिनलला पाना त्यानंतरच लावा.