न्यू जर्सीतले ‘आठवड्याला बाराशे डॉलर’ नेमके कोणाचे?

मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : न्यू जर्सीत खाजगी सेवा क्षेत्रातल्या कामगाराची सरासरी साप्ताहिक कमाई 1,200 डॉलर आहे, म्हणजे तिथे हॉटेलात भांडी घासणाराही वर्षाला 53 लाख रुपये घरी नेतो, आणि कोरोनातसुद्धा तिथली मजुरी वाढलीच. यातला बाराशेचा आकडा वास्तवाच्या जवळपास आहे, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. त्याच्यावर चढवलेले मजले मात्र एकेक करून तपासायला हवेत.

‘सेवा क्षेत्र’ म्हटले की आपल्याकडे हॉटेल आणि दुकान डोळ्यांसमोर येते. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स या अमेरिकेच्या रोजगार-वेतनाची आकडेवारी गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेच्या वर्गवारीत या शब्दाची व्याप्ती खूपच मोठी आहे : घाऊक-किरकोळ व्यापार, वाहतूक, वीजपुरवठा, माहिती, बँका आणि विमा, वकिली आणि सल्लागार कंपन्या, खाजगी रुग्णालये, शाळा, हॉटेले, सलून, सगळे त्यात येते. जर्सी सिटीतल्या वित्तसंस्थेचा उपाध्यक्ष आणि अटलांटिक सिटीच्या कसिनोत खोल्या आवरणारी बाई एकाच सरासरीत मोजली जातात. चौघांना 600 आणि पाचव्याला 3,600 डॉलर मिळाले, तरी पाच जणांची सरासरी 1,200 च येते आणि चौघे तिच्या निम्म्यावर असतात. (गंमत म्हणजे, मोजणी कामाच्या ठिकाणानुसार होत असल्यामुळे, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून रोज मॅनहॅटनला जाणारे आपले मराठी अभियंते या आकड्यात नाहीतच, ते न्यूयॉर्कच्या खात्यात जमा होतात.)

आता भांडी घासणाऱ्याचा हिशेब करू. साप्ताहिक कमाई म्हणजे ताशी कमाई गुणिले आठवड्याचे तास. न्यू जर्सीत 2025 साली बहुसंख्य कामगारांसाठी किमान वेतन तासाला 15.49 डॉलर होते, आणि अमेरिकेत हॉटेल-मनोरंजन क्षेत्रात आठवड्याला सरासरी 26 तासांच्या आसपासच काम मिळते. गुणाकार 403 डॉलरच्या जवळ जातो. पूर्ण 40 तास मिळाले, तरी 620 च्या पुढे जात नाही. शिवाय ब्युरोच्या ज्या पाहणीतून असे सरासरी आकडे येतात, ती माणसे मोजत नाही, नोकऱ्या मोजते. त्यामुळे दोन ठिकाणी राबणारा माणूस तिच्यात दोनदा येतो. प्रामाणिकपणे सांगायचे, तर या एका बाबतीत आकडा माणसाची खरी कमाई कमीच दाखवतो. स्वयंरोजगार करणारे, शेतमजूर आणि घरकामगार तर मोजणीच्या बाहेरच राहतात.

‘घरी नेतो’ हा शब्दप्रयोग सरळ चुकीचा आहे. ही कपातीपूर्वीची रक्कम आहे. सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांचे 7.65 टक्के, म्हणजे बाराशेतले जवळजवळ 92 डॉलर, आधीच वजा होतात. त्यानंतर केंद्राचा आणि राज्याचा आयकर, बेरोजगारी विम्यातला कामगाराचा वाटा आणि, मिळत असेल तर, आरोग्यविम्याचा हप्ता.

53 लाखांचा आकडा 85 रुपयांच्या विनिमय दराने काढलेला आहे. गुणाकार बरोबर आहे, पण कमावणारा माणूस घरभाडे आणि दूध डॉलरमध्येच विकत घेतो. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात प्रत्यक्ष किती वस्तू येतात याच्या, हिशेबात एका डॉलरची तुलना 20 ते 22 रुपयांशी होते, 85 शी नव्हे.

राहिला कोरोनाचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा तोच. एप्रिल 2020 मध्ये त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या खाजगी नोकऱ्यांची सरासरी ताशी कमाई एकाच महिन्यात 1.34 डॉलरने वाढून 30.01 डॉलर झाली. त्याच महिन्यात 2 कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि त्यांपैकी 77 लाख हॉटेल-मनोरंजन क्षेत्रातल्या होत्या. कमी पगाराचे लोक यादीतूनच गळाले, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली. त्यासाठी कोणाचा पगार वाढावा लागला नाही. पुढच्या महिन्यात उपाहारगृहे हळूहळू उघडू लागली, त्या क्षेत्रातली सुमारे 12 लाख माणसे कामावर परतली आणि सरासरी 29 सेंटांनी खाली आली.