‘शिडं हाकायला शिकायचं होतं, डमी ओढायला नाही’ : या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. तक्रारी चार दिसतात. शिडाची बोट चालवायच्या दोन दिवसांच्या वर्गातला अर्धा दिवस ‘माणूस पाण्यात’च्या, म्हणजे बोटीवरून पडलेल्याला परत वर घेण्याच्या सरावात गेला. त्यातही बहुतेक वेळ डमी, म्हणजे माणसाच्या वजनाचा पुतळा, वर ओढण्यात गेला. बोटीच्या मागच्या टोकाला धडधाकट शिडी असताना ती वापरू दिली नाही. आणि आमचा प्रशिक्षक तुमच्यावर ओरडला.

आधी आमची चूक. माणूस वर ओढायचा कप्प्यांचा आणि दोराचा संच मागच्या पेटीत तळाशी, नांगराच्या जादा दोराखाली दबलेला होता. तो शोधून सोडवण्यात तुमची अकरा मिनिटं गेली. ‘हा मुद्दाम दिलेला धडा असेल तर तसं सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय. नव्हता. सकाळी पेटी उघडून पाहायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. गार पाण्यात पडलेल्या माणसाचं पहिलं मिनिट श्वास आवरण्यातच जातं. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. म्हणून ती अकरा मिनिटं मला फार टोचली. आता संच डोलकाठीच्या पायथ्याशी पिशवीत टांगलेला असतो.

अर्धा दिवस मात्र मी कमी करणार नाही.

बोट वळवून डमीपर्यंत परत नेणं तुम्हाला दुसऱ्याच फेरीत जमलं, आणि ते सोपं नाही. पाच नॉटने चाललेली बोट सेकंदाला अडीच मीटर पुढे जाते. गोंधळात अर्धं मिनिट गेलं की माणूस पाऊणशे मीटर मागे. तेवढ्या अंतरावरचं डोकं लाटांत शोधायचं म्हणून एकाने दुसरं काहीही न करता फक्त हाताने त्याच्याकडे खूण करत उभं राहायचं. हे सगळं तुमच्या गटाने नीट केलं. डमी बाजूला लागल्यावर सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. पण ती अजून पाण्यातच होती!

मग तुम्ही दोघांनी वाकून तिचे हात धरले आणि ती गुडघाभरही वर आली नाही. ७५ किलोचं वजन, निथळणारे कपडे, वाकलेली कंबर आणि हलणारा काठ. तिथे दंडाची ताकद कामाला येत नाही. मोठं शीड आधी खाली घ्यायचं ते यासाठी : बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावर सपासप फिरत नाही आणि शीड चढवायचा दोर मोकळा होतो. त्या दोराने संचाची वरची कप्पी उंच चढवायची. एकास चारच्या संचात ७५ किलोचे हिशेबाने एकोणीस होतात, घर्षण धरलं तर त्याहून बरेच जास्त. पण तेवढं एका माणसाला विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या हाताने फिरवायच्या रहाटावर, झेपतं. त्याची किंमतही मोजावी लागते. माणूस दीड मीटर वर यायला सहा मीटर दोर ओढायचा. तुमच्या पहिल्या प्रयत्नात वरची कप्पी खालीच राहिली, कप्पीला कप्पी भिडली आणि डमी रेलिंगच्या खाली लोंबकळत राहिली. ‘तीनदा तेच करायला लावलं’ असं तुम्ही म्हणता, ते या एका गोष्टीसाठी. कप्पी किती उंच हवी हे प्रत्येक बोटीवर वेगळं असतं आणि करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिडीबद्दल. पाणी शांत आणि माणूस शुद्धीवर, हातपाय चालणारा असेल तर शिडीच उत्तम. हे प्रशिक्षकाने सांगायला हवं होतं. त्याने नुसतं ‘नाही’ म्हटलं. लाटा असल्या की बोटीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि धाडकन खाली येतो, आणि त्याखाली पोहणाऱ्याचं डोकं असतं. इंजिनाचा पाण्यातला पंखाही तिथेच. म्हणून मधल्या भागातून, वाऱ्याआडच्या बाजूने उचलायचं.

उचलताना काखेतल्या पट्ट्याशिवाय गुडघ्यांखाली दुसरा पट्टा कशाला, हेही तुम्ही विचारलंय. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. बराच वेळ गारठलेल्या माणसाला सरळ उभा लटकवत वर काढला की तो दाब एकदम जातो, रक्त पायांत उतरतं आणि रक्तदाब कोसळतो. पाण्यात बोलत असलेली माणसं वर काढताना गेल्याची उदाहरणं आहेत. जमेल तितकं आडवं उचलायचं ते त्यासाठी. मात्र तोंड पाण्यात जात असेल तर पट्ट्यांचा विचार सोडा, मिळेल तसं वर घ्या.

‘अनुभवी माणूस पडतच नाही’ या तुमच्या वाक्यावर एवढंच सांगतो : फ्रान्सचे नामवंत शिडबोटपटू एरिक ताबार्ली यांच्याएवढा समुद्र फार थोड्यांनी पाहिला असेल. जून १९९८ मध्ये ते रात्री स्वतःच्याच बोटीवरून पडले. बोटीवर इतर माणसं होती, तरी त्यांना परत मिळवता आलं नाही.

ओरडण्याबद्दल अर्धं तुमचं, अर्धं आमचं. इंजिन गिअरमध्ये आणि दोराचं टोक पाण्यात, अशा वेळी मीही ओरडलो असतो. तो दोर पंख्यात गुंतला की बोटही गेली आणि माणूसही. पण त्यानंतर ‘एवढं लहान पोरालाही कळतं’ हे बोलायची गरज नव्हती. त्याबद्दल त्याच्या वतीने नव्हे, माझ्या वतीने माफी मागतो. त्याच्याशी मी बोललो आहे.

शेवटी, तुम्ही सहज लिहून गेलात की सुट्टीत बोटीवर तुम्ही आणि पत्नी असे दोघंच असता. म्हणजे तुम्ही पडलात तर कप्पी चढवणार त्या, विंच फिरवणार त्या, आणि वर्गाला त्या आल्याच नव्हत्या. आणखी अर्ध्या दिवसासाठी या, त्यांना घेऊन. शुल्क नाही. बोट धक्क्याला बांधलेली असेल, पाणी शांत असेल, मी स्वतः शेजारी असेन. या वेळी डमी नको. पाण्यात तुम्ही उतरा.