शुक्रवारी सुरी नाही : एका सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला दोन आठवडे ऑपरेशनं करायला जाण्याच्या तयारीवर मी लिहिलेल्या 'सिएरा लिओनला निघण्यापूर्वी' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी ओपीडी संपल्यावर वाचली आणि रात्री घरी पुन्हा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण चार ओळींत उरकावं असं ते पत्र नाही. ज्यांच्या वाचनात ते आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या सिस्टरांचं म्हणणं असं : दोन आठवड्यांच्या दौऱ्यासाठी डॉ. कोटणीसांचं नाव घेणं शोभत नाही. लशी, व्हिसा आणि बॅग यांवर पानंच्या पानं लिहिलीत, पण तिथलं थिएटर कोण सांभाळतं, सामान निर्जंतुक कोण करतं, यावर एक ओळ नाही. आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, "तुम्ही विमानात बसल्यावर टाका पिकला तर बघणार कोण? त्या तिकिटाच्या पैशात आपल्या धडगाव-अक्कलकुव्यात किती कामं झाली असती!" (धडगाव आणि अक्कलकुवा हे नंदुरबार जिल्ह्यातले डोंगरी आदिवासी तालुके.)

कोटणीसांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. १९३८ साली युद्धातल्या जखमींच्या मदतीसाठी चीनला निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी चौघे परतले, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. परतीचं तिकीट खिशात घेऊन जाणाऱ्या माणसानं त्यांच्या नावाचा आधार घ्यायला नको होता. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडूनच उचलली आहे आणि ती सोडणार नाही : रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायचं. सिएरा लिओनमध्ये घराघरांत टेम्ने, मेंडे अशा वेगवेगळ्या भाषा असल्या तरी बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात सगळ्यांना जोडते ती क्रिओ. तिच्यात माणसं भेटली की विचारतात, "हाउ दि बॉडी?" शरीर कसं आहे? आणि उत्तर ठरलेलं, "दि बॉडी फाइन." पहिल्या खेपेला मी हा प्रश्न वॉर्डात राउंडला विचारत सुटलो होतो. पोट फुगलेला, कपाळावर घाम आलेला माणूससुद्धा "दि बॉडी फाइन" म्हणायचा, कारण मी त्याला रामराम घातला होता आणि त्यानं रामराम परत केला होता. दुखतंय का हे विचारायची वाक्यं वेगळी, ती या वेळी दोन महिने आधीपासून घोकतो आहे. तिथला एक सहकारी रोज रात्री फोनवर माझे उच्चार दुरुस्त करतो.

लशींवर इतकं का लिहिलं, तेही सांगतो. पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर लस घेतल्याचा दाखला असलेल्या त्या पिवळ्या कार्डाला किंमत नाही. कार्ड नसेल तर तिथे उतरताना अडचण, आणि परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. हिवतापाची गोळी रोज, आल्यानंतरही चार आठवडे (मी डॉक्सीसायक्लिन घेतो). हेपॅटायटिस बी ची नुसती लस टोचून भागत नाही, अँटीबॉडी तयार झाल्यात का ते तपासायचं. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, म्हणून २८ दिवसांचा कोर्स स्वतःच्या पिशवीत. यातलं काहीच माझ्या सुखासाठी नाही, सिस्टर. मदतीला गेलेला डॉक्टर तापानं फणफणला की त्या वॉर्डातली एक खाट अडते, एक नर्स त्याच्या उशाशी अडकते आणि तिथल्या साठ्यातलं सलाइन त्याला लागतं. डॉक्टर मंडळी स्वतःच्या बाबतीत गोळ्या चुकवण्यात पटाईत असतात, हे तुम्ही बत्तीस वर्षं पाहिलं असेल. म्हणून ते खडसावून लिहिलं.

आता थिएटर. इथे तुम्ही जिथे बोट ठेवलंत ते माझं दुखरं ठिकाण आहे. लेखात ते लिहायचं मी टाळलं होतं, आज लिहितो.

आमचं काम मुख्यतः हर्नियाचं, म्हणजे आपल्या अंतर्गळाचं. तिकडे भातखाचरात राबणारे तरुण गडी वर्षानुवर्षं हर्निया घेऊन फिरतात. काहींचा तो उतरत उतरत मांडीपर्यंत आलेला असतो. एखाद्या दिवशी आतडं अडकतं आणि वेळेत सर्जन मिळाला नाही तर माणूस जातो. दुरुस्ती टिकायची तर जाळी बसवायला हवी, आणि कंपनीची जाळी त्या दवाखान्याच्या ऐपतीबाहेरची. इथे आपल्या खानदेशाचं नाव अभिमानानं घ्यायला हवं. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरला, बरोबरीच्या सर्जनांना वापरायला लावला आणि २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त त्याचे निष्कर्ष मांडले. (दुकानात मिळणारी कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी यासाठी कदापि चालत नाही, हे इथेच स्पष्ट करतो.) पुढे युगांडात ३०२ रुग्णांवर स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांची तुलना झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि वर्षभरानंतर दोन्हींत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. दोंडाईच्यासारख्या गावी सुचलेली गोष्ट आफ्रिकेतल्या थिएटरांपर्यंत पोहोचली. मी त्याच भागात सर्जरी करतो, त्यामुळे जाळीचे तुकडे कापून, धुऊन, पाकिटं करून नेताना मला फार समाधान वाटलं होतं.

ही पहिल्या खेपेची गोष्ट. ती पाकिटं सिएरा लिओनमधल्या दवाखान्यातच निर्जंतुक करायची होती. तिथल्या थिएटरच्या बाईंनी, त्यांना सगळे आंटी म्हणत, पाकीट हातात धरून मला विचारलं, हे कापड कुठल्या सायकलवर, म्हणजे किती तापमानाच्या फेरीवर, लावू? मी हात धूत होतो. मान न वळवता म्हणालो, बाकीच्या सामानासारखंच लावा. त्यांच्याकडे कुणीतरी देणगी दिलेलं विजेचं ऑटोक्लेव्ह (वाफेनं सामान निर्जंतुक करणारं यंत्र) होतं आणि बाकीचं सामान १३४ अंशांवर निघायचं. या जाळीला १२१ च्या वर न्यायचं नसतं, आणि हे मला पाठ होतं.

पहिल्या पेशंटला स्पायनल (कमरेखालची भूल) दिलं, चीर घेतली, हर्नियाची पिशवी सोडवली, जाळी मागितली. आंटींनी पाकीट फोडलं. आतला तुकडा भाजलेल्या पापडासारखा आक्रसून कडांना वर वळला होता. चिमट्यानं उचलला तर ताठ उभा राहिला. दुसरं पाकीट तसंच, तिसरंही. त्या दिवशी तिघांचे हर्निया मला जाळीविना, जुन्या पद्धतीनं स्नायू ओढून शिवावे लागले. त्या तिघांना दुखणं जास्त झालं असणार आणि हर्निया उलटण्याची, म्हणजे पुन्हा होण्याची, भीतीही जास्त. आंटी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. तारीख, पाकिटांची संख्या, तापमान आणि पुढे टीप : डॉक्टरांना विचारलं. बस, एवढंच.

त्यांनी विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. तुमच्या प्रतिक्रियेतली "सामान कोण निर्जंतुक करतं यावर एक ओळ नाही" ही ओळ वाचली तेव्हा ती वहीच डोळ्यांपुढे आली.

म्हणून या खेपेची तयारी मी बॅगेपासून सुरूच केली नाही. तीन महिन्यांपूर्वी आंटींना फोन केला. ऑटोक्लेव्हच्या कुठल्या सायकल चालतात, वीज किती वाजता जाते, जनरेटरला डिझेल कोण आणतं, ऑक्सिजनचं यंत्र एक आहे की दोन, सक्शन (रक्त ओढून घ्यायचं यंत्र) पायाचं आहे की विजेचं, दिवसाला किती गाउन धुऊन वाळतात. या शेवटच्या उत्तरावर आमची यादी ठरली. गाउन आणि ड्रेप (पेशंटवर अंथरायची कापडं) धुऊन, वाळून, पुन्हा लागून यायचे तर दिवसाला सहाच केसेस होतात. आम्ही दहा धरल्या होत्या. आता सहा. औषधंही त्यांच्या फार्मसीनं पाठवलेल्या यादीबाहेरचं एकही नेत नाही, आणि जे नेतो त्याची मुदत पोहोचल्यापासून वर्षभर तरी शिल्लक हवी. इथल्या कपाटातल्या अर्ध्या स्ट्रिप्स तिकडे नेऊन दान करणं म्हणजे त्यांच्या माथी कचरा मारणं आहे.

टाका पिकला तर कोण बघणार? पहिल्या खेपेचं खरं उत्तर : ज्याला मी विचारलंच नव्हतं, तो. तिथे एमबीबीएस नसलेले, पण आरोग्यसेवेत मुरलेले अधिकारी असतात, कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. निघायच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी एका शेतकऱ्याचा मोठा हर्निया केला आणि दुपारी गाडीत बसलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंडकोशात रक्त साकळलं. तिथल्या अधिकाऱ्यानं रात्री मोटरसायकलवरून येऊन टाके उघडले, रक्त काढलं, पुन्हा शिवलं. मी तोवर मुंबईत उतरलो होतो. त्यानं फोटो पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, "डॉक्टर, पुढच्या वेळी शुक्रवारी सुरी हातात घेऊ नका."

ती ओळ आमच्या पथकाचा नियम झाली आहे. शेवटचे दोन दिवस ऑपरेशन बंद. फक्त ड्रेसिंग, राउंड आणि प्रत्येक पेशंटची त्या अधिकाऱ्याबरोबर खाटेशेजारी उभं राहून सोपवणी. नोंदी आमच्या लॅपटॉपवर नाहीत, त्यांच्या रजिस्टरमध्ये, गावासकट आणि शेजाऱ्याच्या मोबाइल नंबरासकट.

आणि पैसे. सिस्टर, मी नुसता चिरायला जात असेन तर तुमचा हिशेब बरोबर आहे, तिकिटाचे पैसे तिथेच पाठवावेत. दोन आठवड्यांत साठ हर्निया झाले तरी त्या देशाच्या गरजेपुढे ते काहीच नाहीत. पण त्याच देशात मसांगा नावाच्या खेड्यातल्या दवाखान्यात २०११ पासून या आरोग्य अधिकाऱ्यांना शस्त्रक्रियेचं शिक्षण दिलं जातं. तिथे हर्नियाचे २३० रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, अर्ध्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, अर्ध्यांचं या अधिकाऱ्यांनी. वर्षभरानं हर्निया उलटण्याचं प्रमाण डॉक्टरांकडे ६.९ टक्के निघालं आणि त्यांच्याकडे ०.९. २०२१ मध्ये हे छापून आलं तेव्हा आमच्या सर्जनांच्या ग्रुपवर काही जण नाराज झाले. मला आनंद झाला. ज्याला रोज तेच काम करायचं आहे आणि त्याच गावात राहायचं आहे, त्याच्या हातात ते काम नीट बसतं, याचा हा पुरावा आहे.

या वेळी म्हणून दोन शिकाऊ अधिकारी आमच्याबरोबर आहेत. सुरी त्यांच्या हातात असेल, मी समोर उभा राहून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरणार. वीस वर्षं टेबलाच्या उजव्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला डाव्या बाजूला उभं राहणं, समोरचा हात मंद चालत असताना गप्प बसणं, याची सवय करावी लागते. इथल्या आमच्या हॉस्पिटलात गेले चार महिने मी ज्युनिअरला ऑपरेट करू देतो आहे आणि तोंड बंद ठेवायला शिकतो आहे. माझ्या सगळ्या तयारीत हेच सर्वांत कठीण गेलं. सिएरा लिओनच्या मेडिकल अँड डेंटल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आणि आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरविरुद्ध तक्रार नसल्याचा दाखला) ही कागदपत्रं त्यापुढे सोपी.

धडगावबद्दल वाद नाही. वर्षाचे पन्नास आठवडे मी सातपुड्याच्या पायथ्याशीच असतो. उलट इथलंच शिक्षण तिकडे कामी येतं. सिकलसेलचा (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचा) पेशंट उपाशी-तहानलेला आणि थंडीत ताटकळत ठेवायचा नाही, हे मला पावरा आणि भिल्ल पेशंटांनी शिकवलं. पश्चिम आफ्रिकेत सिकलसेल पुष्कळ आढळतो, आणि पहिल्याच दिवशी ऑपरेशनच्या यादीत वर कुणाला घ्यायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

सिस्टर, एक विनंती आहे. आंटींना पाठवायच्या प्रश्नांचा कागद केला आहे, दोन पानी. थिएटर, धुलाई, निर्जंतुकीकरण, सुयांची विल्हेवाट असं सगळं आहे, पण तो एका सर्जननं केलेला कागद आहे आणि सर्जनला काय दिसत नाही हे तुम्हाला जास्त ठाऊक. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. त्याआधी तो तुमच्या नजरेखालून गेला तर बरं होईल. ब्लॉगच्या संपर्काच्या पानावरून निरोप धाडा, मी कागद पाठवतो. लाल पेननं खाडाखोड केलीत तरी चालेल.