कार्ड घ्या, गाडी जवळजवळ फुकटच पडते

गेल्या शनिवारी मी गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात 625 रुपये वाचवले. त्यासाठी तीन वर्षं, 1,294 रुपये 46 पैसे आणि सकाळी अकरा ते दुपारी पावणेदोन एवढंच काय ते लागलं. तेव्हा 'गाडीच्या कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्यावं का' या विषयावर बोलायचा अधिकार आता माझ्याकडे आलेला आहे. तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्यात सल्ला द्यायला कुणी विचारावं लागत नाही.

तर, घ्याच.

पण मुहूर्त साधा. हे कार्ड घरी बसून, चष्मा लावून, कागद वाचून घ्यायचं नसतं. ते घ्यायचं गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी, शोरूममध्येच. बायको हळदकुंकवाची वाटी आणि नारळ घेऊन उभी आहे, आई चाकांखाली ठेवायला आणलेली लिंबं शोधतेय, मुलगा मागच्या सीटचं प्लॅस्टिक ओरबाडतोय, आणि तुम्ही नुकतेच अंडरबॉडी कोटिंग, वाढीव वॉरंटी आणि चार मॅट यांचे पैसे मोजून बधिर झालेला आहात. नेमका तेव्हा टायवाला मुलगा टॅब पुढे करतो. "सर, हे आपल्याच गाडीचं कार्ड आहे. लाइफटाइम फ्री. फक्त एक ओटीपी सांगा." सांगून टाका. एवढे पैसे गेल्यावर काहीतरी फुकट मिळतंय म्हटलं की माणूस हरखतो. मीही हरखलो.

(लाइफटाइम म्हणजे बारा महिने. हे पुढच्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये कळतं. 499 रुपये वार्षिक फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 588 रुपये 82 पैसे.)

दुसरी गोष्ट, हिशेब नेहमी खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांत करा. रुपयांत चुकूनही करू नका. मुलगा म्हणाला, "सर, महिन्याला वीस हजार खर्च धरा. वर्षाला चोवीसशे पॉइंट्स कुठे गेले नाहीत." चोवीसशे! आकडा कसा भरदार वाटतो. शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत चार आणे, म्हणजे चोवीसशे पॉइंटांचे सहाशे रुपये, हे गणित तिसरीतल्या पोराला येतं. पण नव्या गाडीच्या वासात ते सुचत नाही. सहाशे रुपये मिळवायला 588 रुपये 82 पैसे फी. वर्षाला निव्वळ नफा 11 रुपये 18 पैसे. एका वडापावाला कमी पडतात, पण पदरचे थोडे घातले की येतो.

आणि हे केव्हा? सगळ्या खर्चावर पॉइंट मिळाले तर!

आता जरा नीट बसा, कारण माझ्या आवडीचा भाग आलाय. हे कार्ड गाडीचं आहे. वर गाडीचा फोटो आहे, कंपनीचं चिन्ह आहे, खाली वळणावळणाचा घाट दाखवलाय. बरोबर? तर या कार्डावर पेट्रोल भरलं की पॉइंट मिळत नाहीत. इंधन 'वगळलेल्या गटा'त आहे. गाडीचा विमा भरला, त्यावरही नाहीत, विमा वगळलेला. फास्टॅग रिचार्ज केला, ते म्हणे वॉलेटमध्ये पैसे भरल्यासारखं आहे, वगळलेलं. विजेचं बिल वगळलं, घरभाडं वगळलं, हप्त्यांत फ्रिज घेतला तोही वगळला. मग उरलं काय? किराणा, औषधं, कपडे आणि हॉटेल. म्हणजे गाडीच्या कार्डावर पॉइंट हवे असतील तर गाडी घरी लावायची आणि चालत जाऊन साडी घ्यायची! माणसानं गाडी घेतल्यावर तो पेट्रोल सोडून भरणार काय त्यात, उसाचा रस? पेट्रोलचे पैसे कार्डानं दिले की लागणारा एक टक्का अधिभार माफ होतो, तेही एका वेळचं पेट्रोल चारशे ते चार हजारांच्या मधलं असेल तर, महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि त्या अधिभारावरचा जीएसटी तुमच्या बोकांडी राहतोच. ही सवलत बाजारातल्या बऱ्याच साध्या कार्डांवर मिळते, तिला गाडीच्या फोटोची गरज नाही. मी पहिल्या वर्षी मोठ्या विश्वासानं सगळं पेट्रोल या कार्डावर भरलं. वर्षाअखेरीला पॉइंट निघाले चौदाशे. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, हे एमआयटीसीमध्ये दिलेलं आहे." एमआयटीसी म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या अटी आणि शर्ती. सर्वांत महत्त्वाच्या, म्हणून सर्वांत बारीक अक्षरात.

नवी गाडी बुक करताना रक्कम याच कार्डानं भरा. शोरूमवाला वर दोन टक्के लावेल, तुम्हाला पाव टक्का परत मिळेल.

दर महिन्याला फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत जा. उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागेल. पाव टक्का कमवायचा तर एवढी गुंतवणूक हवीच.

काही जाणकार सांगतील की अशी कार्डं परदेशात भारी चालतात. चालतात ना. अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1992 मध्ये काढलेलं कार्ड खर्चाच्या पाच टक्के रक्कम त्यांच्याच पुढच्या गाडीसाठी जमा करायचं. वर्षाला 500 डॉलरची मर्यादा, सात वर्षांत जास्तीत जास्त 3,500. पाच टक्के! आमच्या पाव टक्क्याच्या वीसपट. लगेच पुढच्या वर्षी फोर्डनं सिटी बँकेबरोबर तसंच कार्ड काढलं आणि 1997 मध्ये गुंडाळलंसुद्धा. पण पाच टक्के असले तरी अट काय, तर सात वर्षांनी तुम्हाला पुन्हा त्याच कंपनीची गाडी हवी असली पाहिजे. आपल्याकडे तर आधी सात वर्षांनी ती कंपनी इथे असली पाहिजे. जनरल मोटर्सनं 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावचा त्यांचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या एका मावसभावाकडे फोर्डची गाडी आहे. तो अजून पार्ट शोधत हिंडतो, पॉइंटांचं काय घेऊन बसलात.

बरं, पॉइंट साठले की ते लगेच वापरू नका. साठवा, म्हातारपणाला उपयोगी पडतील असं समजून. मी तीन वर्षांत 4,200 साठवले. मग मेसेज आला की महिनाअखेरीला ते बाद होणार. म्हणून शनिवारी सकाळी अकराला कंपनीच्या वर्कशॉपला पोचलो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "काका, पॉइंट रिडीम करायचे तर जॉब कार्ड उघडताना सांगायचं असतं." (सही होईपर्यंत मी 'सर' होतो. पॉइंट मागायला गेलो आणि 'काका' झालो.) म्हटलं, आता सांगतो. त्यानं जॉब कार्ड बंद करून परत उघडलं, त्यात पाऊण तास गेला. मग कळलं की पॉइंट लेबरवर चालत नाहीत, ऑइलवर चालत नाहीत, वॉशिंगवर चालत नाहीत, फक्त ओरिजिनल पार्ट्सवर चालतात. बिल 9,480 चं, त्यात पार्ट्स ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड. मला न विचारता 'एसी डिसइन्फेक्शन' आणि 'इंजिन ड्रेसिंग' लावलं होतं, ते अर्थातच पार्ट्समध्ये येत नाही. बरं, पॉइंट अडीच हजारांच्या पटीतच निघतात. म्हणजे 4,200 पैकी 2,500 वापरा, उरलेले 1,700 गंगार्पण. मग कॅशियर बाई म्हणाल्या, सिस्टीममध्ये तुमचे पॉइंट दिसतच नाहीत, बँकेला विचारा. बँकेला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगा, जन्मतारीख सांगा. उत्तर आलं, डीलरला विचारा. डीलर म्हणाला, बँकेला विचारा. मधल्या काळात मी तिथलं मशीनचं कोमट पाणी चहा समजून दोनदा प्यालो.

या टोलवाटोलवीचं कारण मी घरी येऊन शोधलं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे असं जोडनावाचं, म्हणजे बँक आणि कंपनी दोघांचं नाव असलेलं कार्ड हे बँकेचंच कार्ड असतं. गाडीवाल्या भागीदाराचं काम ते खपवायचं आणि सवलत द्यायची, तुमच्या व्यवहारांची माहिती त्याच्या हाती लागता कामा नये. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण मग शोरूममधला तो मुलगा "आपल्याच गाडीचं कार्ड" म्हणाला, ते कुठल्या नात्यानं? कार्ड विकताना दोघं सख्खे भाऊ. पॉइंट द्यायच्या वेळी वाटण्या झालेल्या.

शेवटी पावणेदोनला ओटीपी आला आणि 625 रुपये कमी झाले. गेटपासपाठोपाठ मेसेज आला: रिडेम्प्शन फी 99 रुपये अधिक जीएसटी, 116 रुपये 82 पैसे. माझेच पॉइंट मला द्यायचे पैसे! दोन वर्षांची फी 1,177 रुपये 64 पैसे, त्यात हे मिळवा, त्यातून 625 वजा करा. 669 रुपये 46 पैशांचा निव्वळ तोटा. बाहेर रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं तेवढंच काम अडीच हजारांनी स्वस्त केलं असतं, आणि चहा खरा पाजला असता. तिकडे गेलो नाही कशामुळे? पॉइंट वाया जातील म्हणून.

तुमचं काय चाललंय सांगा बरं. "आमच्या कार्डावर नवी गाडी घेताना पंचवीस हजारांचा बेनिफिट आहे" असं कालच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय आणि खाली अकरा अंगठे आहेत. अहो, तेवढी सूट दिवाळीत शोरूमवाला कार्ड न बघता देतो! जरा घासाघीस केली तर वर सीट कव्हर देतो. लाखांची गाडी घेताना तुम्ही पाचशे रुपयांच्या मॅटवरून भांडता आणि आयुष्यभर वापरायच्या कर्जाच्या कागदावर न वाचता ओटीपी देता. कार्ड म्हणजे कर्ज आहे, भेटवस्तू नाही. फी किती, रुपयात परत किती, कशाकशावर नाही, कधी बाद होतं, हे चार प्रश्न त्या मुलाला विचारायला लाज वाटते तुम्हाला? मला वाटली. मी इंजिनिअर आहे, पगाराच्या स्लिपमधला रुपया शोधतो, आणि तिथे मान डोलावत बसलो.

आणि त्या कंपनीनं आणि बँकेनंही ऐकावं, वाचत असतील तर. तुम्ही गाड्या विकता ना? मग गाडीच्या कार्डावर पेट्रोलला पॉइंट नाही हे विकतानाच तोंडानं सांगा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. लाइफटाइम म्हणजे एक वर्ष, हे बोलताना जीभ अडखळत कशी नाही? त्या टायवाल्या पोराला दिवसाला इतकी कार्डं खपवायचं टार्गेट कुणी दिलंय? त्याच्यावर माझा राग नाही. नोकरी टिकवायला बिचारा जे पाठ करून दिलंय ते बोलतो.

मी कार्ड बंद करायला अर्ज दिलाय. नियमानं थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, पुढे उशीर केला तर दर दिवसाला 500 रुपये बँकेनं मला द्यायचे. ते 116 रुपये 82 पैसे मी त्याच दिवशी भरून टाकले, पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. परवापासून दोनदा फोन आलाय, "सर, फी माफ करतो, कार्ड ठेवा." पुन्हा 'सर' झालोय.

आज चौथा दिवस आहे.