‘पोरं दोन मिनिटांत उघडतात’: बालसुरक्षित झाकणांविषयीच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

संदेश थोडक्यात असा: ‘ड्रेन क्लीनर, टर्पेंटाइन, औषधं यांच्या बाटल्यांना बालसुरक्षित झाकणाची सक्ती लादणारे कायदे निव्वळ दिखावा आहेत. पोरं ती झाकणं दोन मिनिटांत उघडतात, म्हाताऱ्यांना मात्र उघडत नाहीत. झाकणाच्या भरवशावर पालक बेफिकीर होतात. लेबल वाचा, मुलांवर लक्ष ठेवा, पुरे.’ यातलं म्हाताऱ्यांविषयीचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचा मजकूर टिकत नाही.

‘पोरं उघडतातच.’ काही उघडतात, आणि नियम करणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत आहे. अमेरिकेचा बालसुरक्षित पॅकिंगचा १९७०चा कायदा असो वा आयएसओ ८३१७ हे आंतरराष्ट्रीय मानक, अभेद्य झाकण कोणीच मागितलेलं नाही. अमेरिकी चाचणी अशी असते: ४२ ते ५१ महिन्यांची मुलं, ५०-५०च्या गटांत, निकाल स्पष्ट होईना तर एकूण २०० पर्यंत. मुलं जोडीने बसतात, पाच मिनिटं खटपट करतात. जमलं नाही तर चाचणी घेणारा एकदा समोर उघडून दाखवतो, ‘हवं तर दात लावा’ असंही सांगतो आणि आणखी पाच मिनिटं देतो. दाखवण्यापूर्वी किमान ८५ टक्के आणि दहा मिनिटांच्या शेवटी किमान ८० टक्के मुलं हरली पाहिजेत. म्हणजे कसं उघडायचं ते दाखवल्यावर पाचांतलं एक मूल जिंकलं तरी झाकण पास. झाकण उघडणाऱ्या एखाद्या मुलाच्या व्हिडिओने यात काहीच खोटं ठरत नाही. ते मूल सहा वर्षांचं असेल तर चाचणीच्या वयोगटातच बसत नाही.

गोळ्यांच्या पट्टीला वेगळा हिशेब आहे. तिथे आठपेक्षा जास्त गोळ्या, किंवा ११.४ किलोच्या मुलाला अपाय करील इतक्या गोळ्या, यांतला जो आकडा लहान तेवढ्यांपर्यंत मूल पोचलं की पट्टी त्या मुलापुरती नापास धरतात. घातक औषधाच्या बाबतीत हा आकडा एकवरही येऊ शकतो.

आता झाकण ‘सहज’ उघडतं तेव्हा बहुधा काय बिघडलेलं असतं ते पाहू, कारण खरी गोम इथे आहे. दाबून फिरवायचं झाकण दुहेरी असतं. आतल्या झाकणाला आटे, बाहेरचं मोकळं, दोघांमध्ये उतरते दाते. बंद करताना दाते एकमेकांत अडकतात; उघडताना खाली दाबल्याशिवाय ते एकमेकांवरून घसरतात आणि ‘कट् कट्’ आवाज येतो. हा आवाज म्हणजे झाकण ठीक आहे. न दाबता डावीकडे फिरवूनही ते सुटत असेल तर दाते झिजलेत, किंवा मध्ये वाळलेलं सिरप वा कॉस्टिक सोड्याचे खडे बसून दोन्ही झाकणं एकत्र चिकटलीत. बाजूने चिमटून फिरवायच्या झाकणाची तऱ्हा निराळी: त्याच्या आतला खिळा बाटलीच्या गळ्यावरच्या उंचवट्यापलीकडे गेला तरच अडतो. शेवटचा पाव वेढा राहिला की ते साधं झाकणच. आणि झीज होते म्हणूनच अमेरिकेत औषधाची प्लॅस्टिकची बाटली व झाकण पुन्हा भरून देत नाहीत. बाटली काचेची असेल तर झाकण नवं लावतात.

‘म्हाताऱ्यांना उघडत नाहीत.’ हे एकेकाळी रास्त होतं. अमेरिकेत मोठ्यांची चाचणी पूर्वी १८ ते ४५ वयोगटावर होई. झाकण उघडेना म्हणून वयस्क माणसं ते सैल ठेवत, गोळ्या साध्या डबीत काढत, आणि घरी आलेल्या नातवंडांच्या हाती नेमक्या त्याच पडत. १९९५ मध्ये नियम बदलला. आता ५० ते ७० वयाच्या १०० जणांपैकी ९० जणांना पहिल्यांदा पाच मिनिटांत, आणि नंतर एका मिनिटात उघडून नीट बंद करता आलं पाहिजे. सांधेदुखीने बोटं वळत नसतील तर हेही अवघडच जाणार, पण त्याची सोय कायद्यातच आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

‘पालक बेफिकीर होतात.’ हा आक्षेप गंभीर आहे. अर्थशास्त्रज्ञ किप व्हिस्कुसी यांनी १९८४ मध्ये ॲस्पिरिनच्या आकडेवारीवरून तो मांडला. पण १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉजर्स यांच्या अभ्यासाने डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांनी होणारे बालमृत्यू तपासले. औषधांच्या खपातला बदल आणि सुरक्षिततेतली एकूण सुधारणा वजा करूनही मृत्यूदर अपेक्षेपेक्षा सुमारे ४५ टक्के कमी निघाला. १९७४ ते १९९२ मध्ये अंदाजे ४६० मुलं वाचली. बेफिकिरी असेलही, पण फायदा गिळून टाकण्याइतकी नाही.

‘लेबल आणि लक्ष पुरे.’ साडेतीन वर्षांचं मूल लेबल वाचत नाही. लक्ष ठेवण्याची अडचण वेळेची आहे. टर्पेंटाइन, रॉकेल, पातळ पॉलिश यांत धोका पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त: द्रव इतका पातळ की एका घोटात ठसका लागून श्वासनलिकेत उतरतो. (म्हणूनच असं काही प्यायलेल्या मुलाला उलटी करवायची नसते, तोच द्रव दुसऱ्यांदा घशातून जातो.) यामुळे कायदा इथे पदार्थाचा दाटपणाही मोजतो. कॉस्टिक सोड्याबाबत अमेरिकेत कोरड्या पदार्थात १० टक्के आणि द्रवात अवघे २ टक्के असले तरी सक्ती लागू होते. युरोपात कपडे धुण्याच्या द्रव कॅप्सूलना तर झाकणाशिवाय आणखी अटी आहेत: बाहेरचं पाकीट अपारदर्शक, आवरणाने २० अंश पाण्यात किमान ३० सेकंद तग धरायचा, आणि त्यातल्या कडू द्रव्याने सहा सेकंदांच्या आत मुलाला थुंकायला लावायचं.

बाटली वापरात असताना, उघडी असताना, झाकण काहीच करू शकत नाही. तिथे लक्षच हवं. आणि पदार्थ शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवला तर कायदा, झाकण, लेबल तिन्ही एकदम गेले.

‘लादलेली सक्ती.’ आता ती सोय. अमेरिकी कायद्यानुसार दुकानात मिळणाऱ्या बहुतेक मालाचा एक आकार साध्या झाकणात विकता येतो, मात्र त्यावर ‘लहान मुलं नसलेल्या घरांसाठी’ असं छापावं लागतं आणि तोच माल सुरक्षित झाकणातही उपलब्ध ठेवावा लागतो. चिठ्ठीवरच्या औषधासाठी डॉक्टरने लिहिलं किंवा ग्राहकाने स्वतः मागितलं, तरी औषध साध्या झाकणात देता येतं.